मागच्या माणसाला दिलेलं उत्तर

इरा आणि निहार, आजवर मी तुम्हाला जे लिहून पाठवलं ते लोणच्याची कृती, खोकल्याचा काढा आणि वाढदिवसाचे आशीर्वाद, एवढंच. हे तसं नाही. मागे इराने कॉलेजच्या कुठल्याशा निबंधासाठी फोन करून विचारलं होतं, "आजी, धर्मानेच बायकांना मागे ठेवलं ना? मग जुन्या काळातल्या बायका समान हक्कांवर भाषणं करताना सारखे धर्माचेच दाखले का देत होत्या?" मी "विचार करून सांगते" म्हणाले. गॅसवर दूध होतं हे एक कारण. दुसरं कारण असं की मला एकदम सलोमी आठवली, आणि सलोमी आठवली की मला अजूनही धड बोलता येत नाही. मला मांडायला कागद लागतो, तो लहानपणापासूनच लागतो. आता डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन ठरलं आहे, त्याआधी हे लिहून हातावेगळं करावं म्हणून बसले आहे. निहारला मराठी वाचायला कष्ट पडतील. इराने त्याला वाचून दाखवावं, आणि वाचताना मधलं काही गाळू नये.

आमचं घर नेवाशाला, नदीकडे उतरणाऱ्या बोळात होतं. घरात आम्ही चौघं. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत. आई. मी. आणि अण्णांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या. लग्नानंतर थोड्याच काळात तिचे यजमान गेले आणि ती माहेरी परत आली, ती कायमची. सकाळी डोळे उघडायच्या आधी मला आत्या ऐकू यायची: सडा घालताना बादलीची कडी, मग तुळशीपाशी पुटपुटणं, मग चुलीत फुंकणी. ती दुपारी एकदाच जेवायची, पण दोन्ही वेळचा स्वयंपाक तिचाच. थंडीत ती हुलग्याची शेंगोळी करी. पिठाची वळकटी बोटाभोवती फिरवून परातीत टाकता टाकता ती बोलत असे, आणि लसणाच्या फोडणीचा वास घरभर झाला की आम्हाला कळे, आज आत्याची लहर चांगली आहे.

माझे आजोबा, म्हणजे आत्याचे वडील, देवळात पुराण सांगत आणि सकाळी ओसरीवर गावातल्या मुलांना संथा देत. संथा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. गुरूने एक ओळ म्हणायची, शिष्याने ती दोनदा म्हणायची. कागद नाही, पुस्तक नाही. आवाज कुठे चढला, मान कुठे वळली, श्वास कुठे घेतला, तेही तसंच उचलायचं. त्यातलं अक्षर गाळायचं नाही आणि पदरचं घालायचं नाही. आजोबांना दम्याचा त्रास होता, ते एका ठरावीक ठिकाणी खाकरत, तर त्यांची मुलंही त्या ठिकाणी खाकरत. अण्णा सांगायचे की त्यातला एकजण पुढे मोठ्या देवस्थानात पुजारी झाला आणि तिथेही न चुकता खाकरायचा. मुलींना संथा द्यायची पद्धत नव्हती. आत्या भिंतीआड जात्यावर बसून हे सगळं ऐके. असं ऐकून ऐकून आजोबांची बहुतेक विद्या तिच्या तोंडात आली, आणि हे आजोबांना पुष्कळ उशिरा कळलं.

गावात "आत्यांचं भाषण" या नावाने एक गोष्ट प्रसिद्ध होती. मुलींना चार इयत्तांच्या पुढे शिकवावं की नाही, यावर देवळाच्या सभामंडपात सभा भरली होती. आत्या तेव्हा तरुण होती, नुकतीच माहेरी आलेली. बायका एका बाजूला पदर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यातून ती उठली आणि बोलली. पुढे मुलींचे वर्ग वाढले, ते तिच्या भाषणामुळे की आणखी कशामुळे, हे मला सांगता येणार नाही. ते भाषण कुणी लिहून ठेवलं नव्हतं. आत्याने ते पुन्हा कुठे केलंही नव्हतं. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावत नसे, मग भाषणाला कोण बोलावणार? पण शेंगोळी वळताना त्यातले तुकडे ती म्हणायची. मला सुपारीचा तुकडा फार आवडायचा. आपल्याकडे पूजेला जोडप्याने बसायचं असतं. बायको जवळ नसेल तर पुरुष कमरेला सुपारी खोचून बसतो. ती सुपारी म्हणजे बायको. आत्या म्हणायची, "पत्नीवाचून धर्मकार्य पुरं होत नाही असं तुमचंच शास्त्र सांगतं. इतकं अडतं की तिच्या जागी सुपारी बसवावी लागते. सुपारीला मान दिलात. आता जिला तोंड आहे तिला चार शब्द बोलू द्या." आणि मग, "आत्म्याला धोतरही नाही आणि लुगडंही नाही. देवापुढे तो उघडाच जातो. तिथे तुम्ही कुणाला मागे उभं करणार?" मी हे ऐकत वाढले. घरातलं चांदीचं ताम्हन जसं पुढे माझ्याकडे येणार होतं, तसंच हे भाषणही येणार, अशी माझी खात्री होती. मागायचीसुद्धा गरज मला वाटली नव्हती.

सलोमी माझ्या वर्गात होती. तिची आई मिशनच्या दवाखान्यात नर्स होती आणि त्या दोघी चर्चमागच्या खोल्यांत राहत. माझ्या आत्याच्या पायाला एक जखम झाली होती, ती काही केल्या भरत नव्हती. तिची पट्टी बदलायला सलोमीची आई येई, आणि तिला वेळ नसला की सलोमी. पुढे पुढे सलोमीच येऊ लागली. तिचा हात हलका होता. माझा जड होता, असं आत्याने एकदा सहज म्हटलं, आणि ते मी विसरले नाही. सलोमीचे केस गुडघ्याला टेकायला आलेले. सलोमीला एकदा ऐकलं की पाठ. सलोमी हसली की वर्गात शिक्षकसुद्धा काय बोलत होते ते विसरत. आणि आमच्या घरी सलोमीला कप होता. आम्ही सगळे पितळेच्या पेल्यातून चहा प्यायचो, आणि ओसरीच्या कोनाड्यात निळ्या काठाचा चिनी मातीचा कप असे, तो फक्त सलोमीचा. तो वेगळा का ठेवला होता हे आज मला लिहितानाही लाज वाटते. सलोमीला ते तेव्हाच माहीत होतं. "काकू, माझा मानाचा कप काढा," असं ती आईला म्हणायची, आणि आई खाली बघत कप विसळायची. मला मात्र तेव्हा एवढंच दिसायचं की तिला कप आहे आणि मला नाही.

त्या वर्षी नगरला जिल्ह्यातल्या शाळांची वक्तृत्व स्पर्धा होती आणि विषय होता "धर्म आणि स्त्री-पुरुष समता". प्रत्येक शाळेतून दोघं. हेडमास्तरांनी वर्गात येऊन माझं आणि सलोमीचं नाव घेतलं. अण्णांनी त्याच संध्याकाळी मला समोर बसवलं: प्रस्तावना, मुद्दे, प्रतिपक्षाचं खंडन, समारोप. ते मला सोपं होतं. पण मला ठाऊक होतं की माझ्याजवळ यापेक्षा मोठं काहीतरी आहे, आणि ते स्वयंपाकघरात बसलं आहे. मी कागद आणि पेन्सिल घेऊन आत गेले.

"आत्या, तुझं भाषण सांग. मी उतरवून घेते."

आत्या पीठ मळत होती. "उतरवून कशाला घ्यायला पाहिजे? ती काय भाजीची यादी आहे?"

"विसरायला नको म्हणून."

"मी विसरले का?"

"अगं, पण मुद्दे तरी पाहिजेत ना. अण्णा म्हणतात, मुद्दे आधी कागदावर..."

"मग अण्णाचेच घे की. तो बी.ए. झालाय." तिने पिठाचा हात परातीच्या काठावर निपटला. "विमे, त्या कागदाला तेलाचा डाग पडेल. जा, बाहेर बसून लिही."

मला वाटलं तिची लहर नाही, उद्या विचारू. उद्या सलोमी आली. मी ओसरीच्या पायरीवर बसून अण्णांचे मुद्दे पाठ करत होते. सलोमीने पट्टी सोडली, जखम धुतली, आणि काम करता करता म्हणाली, "आत्या, ते सुपारीचं येकदा परत सांगा ना. लई भारी हाय ते."

आत्याने सांगितलं. पट्टीला गाठ मारता मारता सलोमीने ते परत म्हटलं, आणि लगेच आणखी एकदा म्हटलं. जसंच्या तसं. सुपारी शब्दाआधी आत्या थोडं थांबते, ते थांबणंसुद्धा. आत्या तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुला दोनदा म्हणायला कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाई. येकदा म्हनलं तर जीभंवर बसत न्हाई."

"उद्यापासून सकाळी लवकर येशील?"

झालं. इतकंच. त्यानंतर रोज सकाळी, जिथे आजोबांची मुलं बसत त्याच ओसरीवर, त्याच खांबाला टेकून माझी आत्या बसे आणि समोर मांडी घालून सलोमी. एक ओळ आत्याची, दोन ओळी सलोमीच्या. अण्णा बाहेर पडताना चपला घालायला थांबले आणि हळूच म्हणाले, "ताई, बोळातून माणसं जातात. काय म्हणतील?" आत्या म्हणाली, "ती माझ्या वेळेलाच म्हणून मोकळी झाली आहेत. तू शाळेत जा." मी स्वयंपाकघरात भाजी निवडत असे. मधली भिंत तीच. आत्या त्या भिंतीआड बसून आजोबांची सगळी विद्या शिकली होती. मी त्याच भिंतीआड बसून नुसती जळत होते. एक वाक्य डोक्यात राहायचं नाही. सलोमीचा आवाज हळूहळू आत्यासारखा होत चालला होता, तेवढंच कळायचं. कधी कधी तर पहिली ओळ कुणाची आणि दुसरी कुणाची हे ओळखू यायचं नाही. मला आत्याचा राग येत नव्हता, हे नीट लक्षात घ्या. आत्याने देऊ नये असं मला वाटत नव्हतं. ते सलोमीने घेऊ नये, असं वाटत होतं. आईने एकदा माझ्याकडे पाहून म्हटलं, "मेथीची पानं ठेवतेस आणि दांड्या टाकतेस, की उलटं चाललंय?" उलटंच चाललं होतं.

एके सकाळी मला भिंतीपलीकडे काहीतरी वेगळं ऐकू आलं. आत्या भाषणाच्या मध्यावर थांबली आणि एकदम कडक आवाजात म्हणाली, "कोण ते मागे बोललं? आधी चूल सांभाळा म्हणता? चूल तुमच्या आईने सांभाळली, म्हणून तुमचा आवाज मंडपाच्या या टोकापर्यंत येतो. आता तोच आवाज जरा खाली ठेवा आणि आईच्या जातीचं कुणी बोलतंय ते ऐका." सलोमीने ते दोनदा म्हटलं. मी दारातून डोकावले. आत्याने मान डावीकडे, मागे वळवली होती, आणि सलोमीनेही. मला हा प्रसंग अण्णांकडून माहीत होता. त्या दिवशी सभामंडपात मागच्या बाजूला बसलेला एक पेढीवाला खरोखरच "आधी चूल सांभाळा" असं ओरडला होता, आणि आत्याने त्याला दिलेलं हे उत्तर होतं. हा भाषणाचा भाग नव्हताच. पण आत्याच्या तोंडात इतकी वर्षं सगळं एकत्र मुरलेलं. आजोबांच्या खाकरण्यासारखं तेही संथेत आलं. मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन पाणी प्यायले. सलोमी नगरच्या सभागृहात, शेकडो लोकांसमोर, कुणीही काही बोललेलं नसताना मान वळवून भांडणार होती.

तरी एस.टी.मध्ये मी तिला सांगितलं. चांगुलपणाने नव्हे. तिला येत नसलेली एक गोष्ट मला येते आहे, हे तिला कळावं म्हणून. घोडेगाव मागे पडलं होतं, उसाच्या गाड्यांमुळे बस हळू चालली होती, अण्णा पुढच्या बाकावर बसले होते.

"सलोमी, ते चुलीचं म्हणू नकोस. ते भाषणातलं नाही. तेव्हा खरंच कुणीतरी बोललं होतं, म्हणून आत्याने उत्तर दिलं."

"मला काय म्हाईत न्हाई का?"

"मग?"

"आत्यांनी दिलंय ना? मग म्हनायचं. संथा हाय ती. त्यातलं काढायला मी कोन?"

"लोक हसतील."

"हसू दे की. तुला काय झालं त्याचं?" आणि तिने पिशवीतून पेरू काढून अर्धा मला दिला.

सभागृह मोठं होतं. पुढे परीक्षक, मध्ये मुलं आणि शिक्षक, एका बाजूला नगरमधल्या महिला मंडळाच्या बायका. मी आधी बोलले. माझं चांगलं झालं. अण्णांचा चेहरा तसं सांगत होता. धर्माचं मूळ रूप, मग रूढींनी झालेला बदल, मग समतेचा विचार, सगळं ओळीने. टाळ्या पडल्या आणि वेळेवर थांबल्या. मग सलोमी. परकर-पोलकं, दोन वेण्या, आणि मंचावर माझ्या आत्याची उभं राहण्याची ढब. ती बोलायला लागली तशी तिची "हाय-न्हाई" कुठल्या कुठे गेली. आत्याची वाक्यं आत्याच्याच आवाजात येऊ लागली. सुपारीपाशी बायका हसल्या. एक म्हातारी बाई तर मांडीवर थाप मारून हसली. आत्मा, धोतर आणि लुगडं आलं, तेव्हा परीक्षकांतल्या एका वकिलांनी चष्मा काढला. मला माहीत होतं आता काय येणार.

सलोमी थांबली. मान डावीकडे वळवून मागे बघत म्हणाली, "कोण ते मागे बोललं?"

सगळं सभागृह मागे वळलं. दारापाशी चहाच्या किटलीजवळ संयोजकांपैकी एक मिशाळ मास्तर हातात पेला घेऊन उभे होते. त्यांनी घाईने पेला खाली ठेवला. "नाही नाही बाई, मी फक्त साखर आहे का विचारलं."

काय हशा झाला! मला वाटलं, संपलं. पण सलोमी हसली नाही, थबकलीही नाही. तिने पुढचं म्हटलं, "आधी चूल सांभाळा म्हणता? चूल तुमच्या आईने सांभाळली..." आणि हसणं बसत गेलं. त्या मास्तरांनी असलं काही म्हटलं नव्हतं, हे सगळ्यांनी ऐकलं होतं. तरी बायका मागे वळून त्यांच्याकडेच बघत होत्या, आणि ती मांडीवर थाप मारणारी म्हातारी मोठ्याने म्हणाली, "बरं केलंस पोरी! सांग त्याला!" बिचारे मास्तर हात मागे बांधून, शाळेतल्या मुलासारखे, भाषण संपेपर्यंत तसेच उभे राहिले. शेवट पहाटेचा होता. "देवाला जागं करायला पुजारी काकडा घेऊन येतो, त्याच्याही आधी सडा घालणारी बाई उठलेली असते. पहिला उजेड तिला दिसतो. देवाला काही सांगायचं असेल, तर तो पुजाऱ्याची वाट बघत थांबेल का?" सलोमीने हात जोडले आणि खाली उतरली. टाळ्या तिच्या खुर्चीपर्यंत तिच्याबरोबर चालत गेल्या.

पहिला नंबर माझा आला. सलोमीचा आला नाही. तिने वेळ ओलांडला होता, आणि श्रोत्यांशी विषय सोडून बोलली, असं परीक्षकांनी सांगितलं. मला चकचकीत कप मिळाला, फोटो काढला. मी कप घेऊन खाली आले तेव्हा महिला मंडळाच्या बायका सलोमीभोवती गोळा झाल्या होत्या. एकीने माझ्या खांद्याला हात लावला आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "बाळ, जरा बाजूला होतेस? आम्हाला त्या मुलीला भेटायचंय." मी झाले बाजूला. परतीच्या बसमध्ये सलोमीने कप हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. "चांगला जड हाय गं," ती मनापासून म्हणाली आणि माझ्या मांडीवर ठेवला. तिला माझा हेवा वाटत नव्हता. त्या सगळ्या दिवसातली सहन न झालेली गोष्ट हीच. मी तिच्यावर इतकी जळत होते, आणि तिच्याकडून परत काहीच येत नव्हतं.

घरी आत्या ओसरीवरच बसली होती. मी कप तिच्यासमोर ठेवला. तिने "छान," म्हटलं, "अण्णा, देवापुढे ठेव रे," आणि ती सलोमीकडे वळली.

"मागचा माणूस होता का?"

"हुता की आत्या! चहा पीत हुता!"

आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. मी तिला असं हसताना पूर्वी पाहिलं नव्हतं. आई पाणी घेऊन धावली. सलोमीने ते मास्तर, तो पेला, ती साखर, सगळं दोनदा करून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्या दिव्याच्या वाती वळत बसली होती, तेव्हा मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. मी बरीच वाक्यं ठरवून आले होते, पण बाहेर एकच पडलं. "मला का नाही दिलंस?"

आत्याने वात मांडीवर ठेवली. "बस," म्हणाली. मग तिने सांगितलं. ती माहेरी आली त्या वर्षी आठवडे बाजारात वडाखाली एक बाई बोलायची. मिशनची प्रचारिका, साधं धुवट लुगडं, पायात काही नाही. ती सलोमीची आजी. आत्या भाजीच्या निमित्ताने तिथे रेंगाळायची. ती बाई सांगायची, त्या रविवारी पहाटे प्रभूच्या कबरेपाशी आधी बाया गेल्या. पुरुष दारं लावून घरात बसले होते. तेव्हा सगळ्यांत मोठी बातमी प्रभूने बायांच्या हाती दिली, आणि पुरुषांनी ती आधी खोटी मानली. ती सांगायची, प्रभूने विहिरीवर पाणी मागितलं, तेही जिच्या हातचं कुणी घेत नव्हतं अशा परक्या बाईकडे. बाजारातले लोक हसायचे, कुणी दगडही टाकायचे. पण ती बाई उभी राहायची.

"मला तिचा काय हेवा वाटला म्हणून सांगू," आत्या म्हणाली. "तिला बोलायला जागा होती आणि पाठीशी शास्त्र होतं. मी घरी आले, भाजी टाकली आणि बाबांच्या पोथ्यांची फडकी सोडली. म्हटलं, हिच्या शास्त्रात आहे तर आमच्यात कसं नसेल? असलंच पाहिजे. शोधत बसले. सुपारी मला तेव्हा सापडली. पण पहाटेचं काही सापडेना. ते तिचंच घेतलं, जरा आपल्या अंगणात आणून लावलं. तो शेवट सलोमीच्या आजीचा आहे, विमे. तो त्या घरात परत जायला नको?"

मी विचारलं, "पण शास्त्रच कशाला? बाई माणूस आहे, एवढं सांगून भागलं नसतं?" इरा, अगदी तुझाच प्रश्न.

"सांगून बघायचं होतंस तू," आत्या म्हणाली. "त्या मंडपात न्याय करायला बसलेले सगळे पोथीवाले. ज्या पोथीने मला गप्प बसवत होते, तीच मी त्यांच्यापुढे उघडली. दुसरं काही उघडलं असतं तर ते उठून गेले असते. आणि खरं सांगू? मला ते पटलंही होतं. मी त्यांना जिंकायला नव्हते बोलत. देव माझा पण होता."

"मग सलोमीला शेवटाचा तुकडा द्यायचास. बाकीचं मला."

"तुकडे करून देतात का कुठे?" तिने वात उचलली. "तुला कशाला हवंय? तुला जळता चांगलं येतं. मी पण तशीच जळले होते. तू तुझं शोध."

मी ते शोधलं का, असं तुम्ही विचाराल. मी पुण्याला शिकले, इंग्रजीत एम.ए. केलं, आयुष्यभर कॉलेजात शिकवलं, बायकांच्या प्रश्नांवर व्याख्यानंही पुष्कळ दिली. ती सगळी व्यवस्थित होती. तुमच्या आजोबांनी त्यांची कात्रणं तारखेनुसार लावून ठेवली होती. माझ्या एकाही व्याख्यानात मागून कुणी काही बोललं नाही. आभारप्रदर्शन वेळेवर व्हायचं आणि लोक चहाला जायचे. प्रत्येक वेळी समारोपाकडे येताना मी मागच्या रांगेकडे बघायची, हे मात्र खरं.

सलोमी शेवगावला शाळेत शिक्षिका झाली आणि तिथेच राहिली. गेल्या हिवाळ्यात तिथल्या बचत गटांच्या मेळाव्याला मी मुद्दाम गेले, गाडी करून, कुणाला न सांगता. ती आता वाकली आहे, केस तोकडे आणि पांढरे, माईक दोन्ही हातांनी धरते. पण सुपारीआधी तशीच थांबली. मध्यावर तिने मान डावीकडे वळवली, आणि तंबूतल्या सगळ्या बायका मागे वळून हसायला लागल्या. त्यांना ते आता पाठ झालं आहे, त्या त्याचीच वाट बघत असतात. ती मान माझ्या आत्याची होती. आत्याचा फोटोही आमच्याकडे धड नाही, आणि तिची मान सलोमीच्या खांद्यांवर. मी मागच्या खुर्चीवर बसले होते. मेळावा संपल्यावर तिने मला ओळखलं, गळ्यात पडली, म्हणाली, "विमल, तू फुडं का न्हाई बसलीस गं?" तिच्याबरोबर दोन शाळकरी मुली होत्या. त्या रोज सकाळी तिच्याकडे येतात. ती एकदा म्हणते, त्या दोनदा म्हणतात. तिने त्यांना माझ्यासमोर म्हणायला लावलं, आणि त्यांनीही मान वळवली, डावीकडे.

इरा, आता तुझ्या निबंधासाठी. नेवाशाचं घर विकलं, तिथे मोबाईलचं दुकान आहे. ती ओसरी नाही. आत्याला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. माझ्याकडे त्या भाषणातले थोडे तुकडे आहेत, ते मी वर लिहिले आहेत. अख्खं भाषण शेवगावला आहे, सलोमीकडे आणि त्या दोन मुलींकडे. माझ्याकडे नाही.